पिन आणखी कोणाला माहीत आहे?

आमच्या आत्याला दिसत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ती स्वतःही तसंच करते. नवं गिऱ्हाईक दारात आलं की "खुर्ची आत आणा, मला दिसत नाही, वाटेत काही ठेवू नका" हे ती एका दमात सांगते आणि लगेच कामाचं बोलायला लागते. त्यावर एखाद्यानं "अरेरे" केलं तर त्याला दर चढवून सांगते. मी थट्टा करत नाहीये. अरेरेचे पैसे ती खरोखरच वेगळे लावते.

वेताच्या खुर्च्या विणणं हा तिचा धंदा. बसून बसून जाळी फाटलेली, पाठ लोंबायला लागलेली खुर्ची तिच्याकडे येते. ती जुना वेत कापून काढते, चौकटीची भोकं साफ करते आणि पाण्यात भिजवून मऊ केलेल्या पट्ट्या एकेका भोकातून ओवत नवी जाळी विणते. बोटांना कायम चिरा पडलेल्या असतात, त्यांवर मेण चोळते. तळमजल्यावरची एकच खोली आहे. रस्त्याकडच्या अर्ध्या भागात खुर्च्या, उरलेल्या अर्ध्यात पलंग, शेगडी आणि पाण्याचं पिंप. त्या खोलीत कोणी एखादी वस्तू वीतभर जरी सरकवली तरी आत्या दिवसभर धुसफुसत असते.

कॉलेजात जायच्या वयात एका तापात तिचे डोळे गेले. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं, की हिला मागची खोली द्यायची, वेळच्या वेळी ताट द्यायचं, आणि पुढं धाकट्या भावानं हिला सांभाळायचं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती अंधशाळेत गेली, वेत शिकली, आणि पहिली कमाई हातात येताच ही खोली भाड्यानं घेतली. तो सांभाळायचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते आजही महिन्यातून एकदा "ताई, आता आमच्याकडे ये" म्हणतात, आणि ती म्हणते, "धाकट्या, तुझ्या घरात मी पाहुणी. इथं मी मालकीण." बाई कशालाच भीत नाही, विजेच्या धक्क्यालासुद्धा नाही. भीते ती एकाच गोष्टीला. आपला कारभार दुसऱ्याच्या हातात जाईल, म्हातारपणी कोणीतरी आपल्याला पुन्हा मागच्या खोलीत नेऊन बसवेल, याला. साठवलेला पैसा ती त्यासाठीच बँकेत ठेवत होती आणि त्या पैशाचं कार्ड कमरेच्या बटव्यात बाळगत होती.

पूर्वी ती पैसे स्वतः काढायची. नाक्यावरच्या मशीनला बटणं होती आणि पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा होता. तेवढा सापडला की बाकीचे आकडे तिला आपोआप सापडत. मग बँकेनं सुधारणा केली. बटणांचं मशीन गेलं आणि सबंध काचेचं आलं. आत्यानं त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हा तर आरसा बसवलाय! मी काय भांग पाडायला आलेय?"

ती बँकेत गेली. काउंटरवर सांगितलं, एवढ्याशा रकमेसाठी इथं यायचं नाही, मशीन वापरायचं. ती म्हणाली, मग बोलणारं मशीन तरी बसवा. सांगितलं, वर कळवलं आहे. ते 'वर' कुठं आहे कोण जाणे. आमच्या आत्यानं इतक्या वेळा विचारलं आणि तिला इतक्या वेळा "वर कळवलंय" ऐकायला मिळालं, की शेवटी तिनंच विचारणं सोडलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला शाळेत शिकवते, मला रविवारखेरीज जमत नाही. बाबांना कार्ड द्यायचं म्हणजे तर कारभारच द्यायचा. तेव्हा तिनं मशीनच्या खोलीबाहेर बसणाऱ्या रखवालदाराला हाक मारली.

त्याला सगळी गल्ली डुलकीदादा म्हणायची. खुर्चीत बसल्या बसल्या त्याची मान अशी काही डुलायची की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. पण आत्याच्या काठीचा आवाज आला की तो ताडकन उठायचा. ती आकडे सांगायची, तो काचेवर दाबायचा, आलेल्या नोटा आणि कार्ड तिच्या हातात ठेवायचा आणि "बटव्यात गेलं का ताई? चेन लावा" असं म्हटल्याशिवाय तिला पायरी उतरू द्यायचा नाही. कित्येक महिने हे असं चाललं होतं आणि त्यात कधी एका पैची गडबड झाली नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण बँकेनं ते कधीच ऐकून घेतलं नाही.

एके दिवशी दुपारी आत्या एका मोठ्या आरामखुर्चीची पाठ विणत असताना तिचा बटणांचा फोन सारखा टिणटिणायला लागला. जाहिराती असतील म्हणून तिनं तो उशीखाली सारला. रविवारी मी गेले, तेव्हा म्हणाली, "बघ गं, कोणाला एवढा पुळका आलाय माझा." मी एकेक मेसेज वाचत गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. परदेशी दुकानातून दोन मोठे टीव्ही. महागडे गॉगल. कुठल्याशा लांबच्या देशातल्या हॉटेलची खोली. खात्यात जेमतेम पुढच्या महिन्याचं भाडं उरलं होतं.

आत्या हातातली वेताची पट्टी नखानं सोलत राहिली. मग म्हणाली, "उद्या रजा टाक. बँकेत जायचंय."

बँकेत आमच्यासमोर टाय लावलेला एक तरुण अधिकारी बसला होता. कार्ड त्यानं लगेच बंद केलं, तेवढं एक काम चोख केलं. मग संगणकावर तक्रार भरायला घेतली. नाव, पत्ता, फोन. आणि मग तो प्रश्न.

"आजी, पिन आणखी कोणाला माहीत आहे?"

"आजी कोणाची? मला नातवंडं नाहीत."

"बरं, मॅडम. पिन?"

"नाक्यावरच्या रखवालदाराला."

त्याची बोटं थांबली. मी टेबलाखालून आत्याच्या पायाला पाय लावला. तिनं आपला पाय बाजूला घेतला आणि पुढं बोलत राहिली, "तुमच्याच मशीनवरचा रखवालदार. तुम्ही बसवलीत ती काच मला दिसत नाही. तो दाबून देतो."

"म्हणजे तुम्ही पिन शेअर केलात."

"शेअर म्हणजे?"

"सांगितलात."

"सांगितला. नाहीतर काय नाचून दाखवायचा होता?"

तो हसला नाही. त्यानं 'होय' वर टिचकी मारली. मला आता राहवेना. मी म्हटलं, "साहेब, काय काय घेतलंय ते तरी वाचा. टीव्ही घेतलेत, गॉगल घेतलेत. यांना दिसत नाही!"

"दोन टीव्ही," आत्या म्हणाली. "एक या डोळ्याला, एक त्या."

शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. टायवाला म्हणाला, चौकशी होईल, कळवू.

त्यांनी कळवलंच. मेसेज आला, की ग्राहकानं पिन दुसऱ्या व्यक्तीस सांगितल्याचं स्वतः मान्य केलं असल्यानं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीस बँक जबाबदार नाही. निष्काळजीपणा! जी बाई कात्री, मेण, सुतळी एकाच जागी ठेवते, जिच्या खोलीत काडेपेटीलासुद्धा ठरलेली जागा आहे, ती निष्काळजी. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी बँकेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला आणि ताटकळत, वाट बघत, अखेर एका मुलीशी बोलले. ती भली होती, किंवा नवी होती. ती म्हणाली, "मॅडम, या बाहेरच्या देशातल्या खरेदीला पिन लागतच नाही. कार्डावरचे आकडे असले की झालं." म्हणजे जो पिन सांगितला म्हणून आमच्या आत्याला दोषी धरलं, तो चोरानं वापरलाच नव्हता! मी हे लिहून पाठवलं. उत्तर आलं, की आपण पिन सांगितल्याचं मान्य केलं आहे. भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता.

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आठवड्यात आत्या सवयीनं नाक्यावरून जात होती, तिनं हाक मारली, तर खुर्चीतून कोणी उठलं नाही. "तो नाही आता," एक नवाच आवाज म्हणाला. "काढला त्याला. बँकेतून एजन्सीला फोन आला होता म्हणे. कोणा बाईचे पैसे गेले."

आत्या घरी आली आणि तिनं विणलेली अर्धी जाळी कात्रीनं कापून टाकली. चुकली होती, म्हणाली. तिची जाळी चुकलेली मी कधी पाहिलेली नाही.

दुसऱ्यांदा बँकेत गेलो तेव्हा बाबाही बरोबर आले. या वेळी आम्हाला आत, शाखेच्या मोठ्या बाईंकडे नेलं. त्या गोड बोलत होत्या, पाणीही मागवलं. म्हणाल्या, "हे बघा, मार्ग आहे. रखवालदाराविरुद्ध पोलिसात तक्रार द्या. त्याच्यावर संशय आहे, एवढंच लिहा. त्या कागदावर विम्यातून तुमची रक्कम मिळायला हरकत नाही. आणि पुढं असं व्हायला नको म्हणून भावाचं नाव खात्याला लावून टाका. व्यवहार ते बघतील. तुम्हाला त्रासच नको."

बाबा मान डोलावत होते. मला दिसत होतं, ते आधीच मनातल्या मनात खाट कुठं टाकायची ते ठरवत होते. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला त्यांचाही राग आला.

आत्यानं विचारलं, "त्यानं केलं असं तुम्हाला वाटतं?"

"बहुतेक वेळा ओळखीतलंच कोणीतरी असतं, ताई."

"बाई, कार्ड त्याच्या हातात होतं, पिन त्याला ठाऊक होता, आणि मी ही अशी शेजारी उभी. चोरायचंच असतं तर माझ्यासमोर चोरलं असतं, मला कळलंसुद्धा नसतं. त्याला परदेशातून टीव्ही मागवायची काय गरज होती?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "ते पोलीस बघतील. तुम्ही फक्त सही करा. म्हणजे... अंगठा."

"मला सही येते," आत्या म्हणाली. "आणि मी ती करणार नाही."

बाहेर आल्यावर बाबांचा पारा चढला. "तो कोण लागतो गं तुझा? जन्मभराची कमाई गेली आणि तू त्या झोपाळू माणसाची वकिली करतेस?" आत्यानं काठी उघडली आणि म्हणाली, "धाकट्या, माझेच पैसे परत मिळायला मी दुसऱ्याला चोर म्हणायचं? मग माझ्यात आणि त्या टीव्हीवाल्यात फरक काय राहिला?"  बाबा रिक्षा शोधायला गेले.

मग तिनं मला डुलकीदादाचा पत्ता काढायला लावला. तो एका गॅरेजमध्ये गाड्या धूत होता. आम्ही गेलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ओल्या फरशीवर, हातात नळी. दिवसभर उभं राहायचं काम. मान डुलवायची सोयच नव्हती. आत्याला पाहून त्यानं नळी बंद केली, पण नेहमीसारखा "या ताई" म्हणाला नाही.

"तुझं काम माझ्यामुळं गेलं," आत्या म्हणाली. "मी त्यांच्या कागदावर सही केलेली नाही. करणारही नाही. तेवढं सांगायला आले."

"ते कळलं मला, ताई."

"त्यांनी विचारलं, पिन कोणाला माहीत आहे. मी खरं ते सांगितलं."

त्यानं नळी गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "तुम्ही खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण माझं नाव होतं ना ताई ते. सांगण्याआधी एकदा मला विचारायचंत. मी हो म्हटलं असतं हो. पण विचारायचंत."

 भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही बाई एका गाड्या धुणाऱ्यापुढं गप्प उभी राहिली. मला त्याचा राग यायला हवा होता, मला पटकन येतो. आला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्या दोघांना तिथं समोरासमोर उभं करणारे लोक थंड हवेच्या खोलीत बसून होते.

त्यानंतरचे महिने तिनं कसे काढले ते मी पाहिलंय. रविवारीसुद्धा खुर्च्या घेतल्या. औषधं एकाआड एक दिवस घेतली आणि मला सांगितलं की डॉक्टरांनीच सांगितलंय. बाबांनी भाडं भरायला पैसे पाठवले, ते परत केले. बोटांच्या चिरा मेणानं बुजेनात तेव्हा कापडाच्या पट्ट्या गुंडाळून विणत राहिली.

आणि मग एका सकाळी पेपरात कोपऱ्यात छापून आलं. एक टोळी पकडली होती. त्यांचा एक माणूस आत्या कार्डानं औषधं घ्यायची त्याच दुकानात नोकरीला होता आणि पैसे घ्यायच्या छोट्या यंत्राला काहीतरी जोडून गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती उतरवून घेत होता. कार्डं बऱ्याच जणांची गेली होती. त्यात एका नामांकित वकिलाचं होतं, म्हणून तर तपास हलला. आत्याच्या एकटीच्या पैशासाठी कोणी पानही हलवलं नसतं.

मी तिला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "तिथल्या यंत्राला बटणं आहेत. तिथं मी पिन कोणाला सांगत नव्हते. हातानं झाकून स्वतः दाबत होते." जिथं तिनं सांभाळलं तिथं चोरी झाली, आणि जिथं विश्वास टाकला तिथला माणूस चोर ठरला.

पैसे परत आले. सोबत मेसेज आला, "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." निष्काळजीपणा हा शब्द परत घेतल्याचं त्यात काही नव्हतं.

नवं कार्ड घ्यायला तिला स्वतः यावं लागेल असं बँकेनं सांगितलं, म्हणून आम्ही दोघी गेलो. तोच टायवाला होता. कार्डाचं राहू दे, मी आधी डुलकीदादाचं काढलं. म्हटलं, "त्याचा दोष नव्हता हे आता सिद्ध झालंय. त्याला परत कामावर घ्या. निदान तसं लिहून तरी द्या."

"मॅडम, तो आमचा माणूस नव्हताच. एजन्सीचा होता."

"एजन्सी म्हणते, बँकेनं नको म्हटलं."

"आम्ही फक्त कळवलं होतं. काढलं त्यांनी."

"मग आता तसंच हे कळवा!"

"तशी पद्धत नाही," तो म्हणाला.

माझा आवाज चढला होता, लोक बघायला लागले होते. पैसे परत मिळालेत तर मुकाट्यानं नवं कार्ड घ्यायचं सोडून ही बाई का ओरडतेय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी आणखी ओरडणार होते, पण आत्यानं माझा दंड धरला. "राहू दे. यांच्या हातात एवढंच आहे. मला कार्ड दे म्हणावं."

टायवाल्यानं कार्ड दिलं. मग एक बंद पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो त्याच पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, "यात नवा पिन आहे. हा कोणालाही दाखवायचा नाही, सांगायचा नाही."

आत्यानं पाकीट फाडलं. आतल्या कागदावर बोटं फिरवली. कागद गुळगुळीत होता, छापलेला.

"मलाही नाही?" तिनं विचारलं.

तो गोंधळला. त्याला आत्ता कुठं दिसलं, की समोर कोण उभं आहे.

"तुम्हीच वाचून दाखवा."

"आम्हाला ग्राहकाचा पिन बघायची परवानगी नाही, मॅडम."

"मग मला कळणार कसा?"

"घरच्या कोणाकडून..." तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं असावं. त्याचे कान लाल झाले.

आत्या मागं वळली. सगळं दालन माणसांनी भरलं होतं. काही रांगेत उभी होती, काही बाकांवर बसली होती. तिनं कागद उघडून समोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "यावर माझा पिन छापलाय. मला दिसत नाही. कोणी वाचून दाखवेल का? पण आधीच विचारते. उद्या काही झालं, तर मी तुमचं नाव सांगणार आहे. चालेल का?"

कोणी हललं नाही. बाकावरच्या एका गृहस्थांनी आपल्या मोबाइलात तोंड घातलं. पहिल्या दिवशी हसलेली ती बाई आपल्या टेबलावरचे कागद नीट लावत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं. त्या दालनातल्या प्रत्येकाला गदागदा हलवावं असं मला वाटत होतं. मी पुढं होऊन कागदाला हात घातला.

आत्यानं माझ्या बोटांना बोटं लावून बघितली, ओळखलं, आणि कागद छातीशी धरला.

"तू नको गं," ती हळू म्हणाली. "तुझी नोकरी आहे."

मी हात मागे घेतला.